न फुटलेलं घर

१२ जुलै १९६३, शुक्रवार

रहिमाचं शिलाई मशीन गेलं!

सकाळी गच्चीवरून अंथरुणं घेऊन उतरले तर ती दारातच बसलेली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, त्याचंही भान नाही. पायाचं मशीन, नवं कोरं, अजून वरचा कागद काढला नव्हता तिनं. तसलं मशीन उचलायचं म्हणजे दोन गडी हवेत. जिन्यावरून उतरवलं, गल्लीत नेलं, आणि कुणाला पत्ता नाही! पत्ता लागणार कसा — सगळी इमारत गच्चीवर. कुवेतच्या या उकाड्यात, आमच्या मिरकाब वस्तीत, खाली झोपतो कोण?

कुलूप मात्र तुटलेलं नाही. तेच सगळे बोलत होते. कमालभाय — तिचा नवरा, बँकेत हिशेबनीस आहेत — कुलूप हातात घेऊन नुसते उघडत होते, लावत होते.

रहिमाची जादा किल्ली माझ्याकडे असते. माझ्या स्वयंपाकघरात, खिळ्याला. धावत जाऊन पाहिली. जागेवर होती.

"हाय ना गो?" रहिमानं विचारलं.

"हाय तर!" मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

१६ जुलै

उन्हाळा सुरू झाला तेव्हापासून हेच चाललंय. आधी कूलरच्या मोटरी जायच्या. मग रेडिओ. आता मशीन. मागच्या गल्लीत तर सोनं गेलं म्हणतात. आमच्या इमारतीत पहिला नंबर तळमजल्यावरच्या पॅलेस्टिनी मास्तरांचा — त्यांचा रेडिओ. मग वरच्या गोवेकराचा कॅमेरा. आता रहिमा. राहिलो एकटे आम्ही.

संध्याकाळी घरमालक म्हातारा आला होता, भाड्याला. खुर्ची घेऊन खाली बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला — शहराला तट होता, रात्री वेशी बंद व्हायच्या, तेव्हा आमच्या घरांना कुलपं नव्हती. तट पाडला, चोर आले.

ह्यांनी मला एवढंच सांगितलं. पण म्हाताऱ्याचं पुढचंही एक वाक्य होतं — "आणि तुम्ही सगळे आलात." तेवढं अरबी मला कळतं.

१९ जुलै, शुक्रवार

मुनव्वर आला होता जेवायला. दर शुक्रवारी येतो तसा. शहराबाहेर जहऱ्याला राहतो, खडीची लॉरी चालवतो. आमच्या हर्णैचा, आमच्याच मोहल्ल्यातला. त्याचा बाप मचव्यातून बुडाला तेव्हा हा एवढासा होता. माझ्या आईच्या ताटात जेवलेला आहे. इथे आला तेव्हा ह्यांनीच त्याच्या लायसन्साचे कागद करून दिले. मला आपा म्हणतो. माझ्या माहेरचं इथे दुसरं कोण आहे? सुकट आणतो कुठून तरी, कधी आमसुलं. आज सुरमई घेऊन आला. मी बोलत राहते, तो जेवत राहतो. कुणाकडे काय नवीन घेतलं, कोण कुणाशी भांडलं — त्याला सगळं सांगते. तेवढाच एक ऐकणारा. हे जेवून झोपतात.

आज मशीनचं सांगितलं. "अरेरे," म्हणाला. "नवं होतं ना?"

जेवणानंतर पुरुषमंडळी गॅलरीत बसली होती. कमालभाय हसत हसत ह्यांना म्हणाले, "यूसुफभाय, तुमच्या उंबऱ्यावर पीर बसवलायत काय? सगळी घरं फुटली, तुमचंच तेवढं चोराला दिसत नाय!"

सगळे हसले. हे पण हसले.

आत आले आणि पाणी मागितलं. प्याले नाहीत. पेला हातात धरून बसले.

२१ जुलै

रहिमानं किल्ली मागून नेली. "ह्यांना एक ऑफिसात ठेवायची आहे," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. मी खिळ्यावरून काढून दिली. खिळा तसाच आहे.

२५ जुलै, गुरुवार

आज गच्चीवर रहिमानं आपल्या गाद्या पलीकडच्या कठड्याशी नेल्या. दोन वर्षं आम्ही दोघी मध्ये एक मच्छरदाणी लावून झोपतो! म्हणाली, तिकडे वारा आहे. कुवेतात जुलै महिन्यात वारा! भट्टीतून येतो तसा येतो तो, सगळ्या बाजूंनी सारखाच.

मास्तरांच्या बायकोनं, उम्म सामीनं, काल जिन्यात सलामाचं उत्तर दिलं नाही. कदाचित ऐकू आलं नसेल. नाही, आलं होतं.

म्हणजे हेच ना — यांचं घर फुटलं नाही, यांच्याकडे किल्ली होती, म्हणजे चोर हेच. तोंडावर कोणी म्हणत नाही. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. हर्णैला असते तर मधल्या आळीत उभं राहून दहा तोंडांनी भांडले असते. इथे काय करू? आम्ही काही केलेलं नाही, आणि मी मात्र जिन्यात कडेकडेनं चालते. आज ह्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं, आपण दुसरीकडे खोली बघूया?" ह्या माणसानं चार वर्षं बंदरावरच्या कंपनीत क्लार्की केली, कुणाची टाचणी उचलली नाही.

सारखं एकच येतं मनात. आमचंही घर फुटलं असतं तर बरं झालं असतं.

२८ जुलै, रविवार

केलं मी.

पहाटे नमाजाला म्हणून सगळ्यांच्या आधी खाली आले. पाण्याचा टँकर आलेला, त्याचा पंप धडधडत होता, त्या आवाजात काय ऐकू येणार कुणाला! कुलूप काढलं, आत गेले, दार लोटलं आणि वरवंटा घेऊन कोयंड्यावर आतून मारलं. चौथ्या-पाचव्या घावाला खिळे निघाले. ट्रंक उघडली, कपडे जमिनीवर फेकले. झोपताना पाटल्या काढून ट्रंकेत ठेवते हे सगळ्या बायकांना माहीत आहे. त्या घेतल्या, फडक्यात बांधल्या, तांदळाच्या डब्यात खोल घातल्या. आईनं निकाहाला घातलेल्या पाटल्या. मग दारात येऊन ओरडले.

ओरडणं खोटं नव्हतं, ते कसं काय कोण जाणे. खरंच रडू आलं.

सगळे धावत आले. रहिमानं मला मिठी मारली. "या अल्ला, तुझं पण नेलं गो मेल्यांनी!" आणि मोठमोठ्यानं रडली. हे दारात उभे होते, पांढरे पडलेले. माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत होते. ह्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांना नाटक जमलं नसतं.

२९ जुलै

उम्म सामीनं भरलेल्या कोबीचं पातेलं पाठवलं. गोवेकरणीनं केक. रहिमा दिवसभर माझ्याकडेच. दुपारी आपण होऊन किल्ली आणून खिळ्याला लावली. "असू दे तुझ्याकडेच," म्हणाली, "चोर तर कुलपं फोडूनच येतात!"

कमालभाय ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. "चेष्टा केली होती रे मी," म्हणत होते.

इतकं बरं वाटलं मला! ते कोबीचे रोल मी मिटक्या मारत खाल्ले. आणि मग मोरीत जाऊन सगळं ओकले.

ह्यांनी संध्याकाळी सांगितलं, मखफरला जाऊन तक्रार देऊन आलो. मखफर म्हणजे इथली पोलीसचौकी. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "कशाला काय? सगळ्यांनी दिली. आपण नाही दिली तर काय म्हणतील?"

खरंच आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

मुनव्वर आला. मी सांगायच्या आधी दाराकडेच बघत राहिला. ह्यांनी सगळी हकीकत सांगितली. त्यानं कोयंडा हातात घेतला, उलटा केला. मग उकिडवा बसून दाराच्या फळीवरून आतल्या अंगानं बोटं फिरवली. वर माझ्याकडे बघितलं.

"आपा, हातोडी हाय?"

लॉरीतून पत्र्याचा तुकडा घेऊन आला. आतल्या बाजूला फळीवर पत्रा ठोकला, चांगला हातभर. कोयंडा बसवला. "आता मजबूत झालं," म्हणाला. जेवला थोडंसंच. मी पण आज काही बोलले नाही त्याच्याशी.

तो गेल्यावर बघितलं. वरवंट्याचे घाव पत्र्याखाली झाकले गेलेत, सगळेच्या सगळे. मला सुचलंच नव्हतं — चोर बाहेरून येतो, घाव आत कसे! पोलीस आले असते आणि बघितलं असतं तर?

त्याच्या लक्षात आलं नसेल. पत्रा मजबुतीलाच ठोकला असेल.

४ ऑगस्ट

पोलीस आले. दोघं. एक तरणा, एक मिशीवाला ऑफिसर. इथे चोराला हरामी म्हणतात. आपल्याकडे ती शिवी. तो ऑफिसर शांतपणे सारखं "हरामी, हरामी" म्हणत होता आणि दर वेळी मला वाटायचं, मलाच म्हणतोय.

त्यानं विचारलं — बाहेरचं कोण येतं या इमारतीत, नेहमी?

मग रहिमा मला म्हणाली, "तुझा तो शुक्रवारचा ड्रायव्हर गो?" वाईट बुद्धीनं नाही. आठवलं म्हणून बोलली. कमालभायनी ते अरबीत सांगितलं. ऑफिसर ह्यांच्याकडे वळला — नाव? राहतो कुठे?

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. "आमच्या घरी चोरी झालेलीच नाही" — एवढंच. सगळी इमारत उभी होती. रहिमाचा हात माझ्या खांद्यावर होता. मी खाली बघितलं.

ह्यांनी नाव सांगितलं.

६ ऑगस्ट

मुनव्वरला नेलं. लॉरी रस्त्यावरच सोडून.

८ ऑगस्ट, गुरुवार

काय लिहू! चोर मुनव्वरच आहे.

जहऱ्याला त्याच्या खोलीमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली रहिमाचं मशीन मिळालं. मास्तरांचा रेडिओ. गोवेकराचा कॅमेरा. मिरकाबमधल्या किती घरांचं काय काय. बरोबर आणखी दोघं होते, ते पळाले. रात्रीची खडी टाकायला लॉरी शहरात यायची, जाताना रिकाम्या लॉरीतून हे.

कमालभायनी बातमी आणली. इमारतीत ईद असल्यासारखं! रहिमा परत आलेल्या मशीनवर हात फिरवत होती. मला म्हणाली, "आता तुझ्या पाटल्या पण मिळतील बघ."

आणि मला काय वाटलं, ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? हायसं वाटलं! वाटलं, चोर तर चोरच आहे तो. एवढ्या चोऱ्यांत आणखी एक. लॉरीभर खडीत एक मूठ टाकली तर काय फरक पडतो? असं वाटलं मला. माझ्या आईच्या ताटात जेवलेल्या पोराबद्दल.

९ ऑगस्ट, शुक्रवार

जेवायला कोणी नव्हतं. सवयीनं तांदूळ जास्त पडला.

भांडी घासताना एकेक आठवायला लागलं. मास्तरांनी नवा रेडिओ आणला — कुणी सांगितलं त्याला? मी. गोवेकर मुंबईला गेला, बायको एकटी, ती माहेरच्या लोकांकडे झोपायला जाते — मी. रहिमा मशीन घेणार, मग घेतलं, मार्चपासून दर शुक्रवारी — मी! आणि किल्ली माझ्या खिळ्याला. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचा. घरचाच माणूस, कोण बघतंय. किल्लीचा साबणावर ठसा घ्यायला वेळ तो किती!

म्हणजे सगळे बोलत होते ते खोटं नव्हतं. चोर आमच्याच घरातून जात होता. संशयाचं बोट आमच्याकडे दाखवत होते आणि मी रागावले होते!

आणि तरी आमच्या घराला त्यानं हात लावला नाही. ट्रंक कुठे आहे ते माहीत होतं. पाटल्या कधी काढते ते माहीत होतं.

११ ऑगस्ट

ह्यांना मखफरला बोलावलं होतं. मुनव्वरला अरबी तोडकंमोडकं येतं, म्हणून ह्यांच्या तोंडून विचारलं. हे परत आले ते चप्पल न काढताच पलंगावर बसले.

"सगळं कबूल केलंन्," म्हणाले. "प्रत्येक घर. आपलं मात्र नाय म्हणतो. कुराणावर हात ठेवतो म्हणतो — आपाच्या घरचं मी मीठ खाल्लंय, तिथं नाय केलं. ऑफिसर म्हणतो, बाकी सगळा माल सापडला, एक आपलं सोनं नाही, म्हणजे सोनंच लपवतोय. सोनं कुठेय म्हणून..."

"म्हणून काय?"

"त्याचे पाय सुजलेत, रबिया. उभं राहवत नाय त्याला."

मग म्हणाले, "तुझी विचारपूस केलीन्. आपा कशी आहे म्हणून."

१२ ऑगस्ट, सोमवार

ह्यांना सांगितलं.

बोलता येईना, म्हणून तांदळाचा डबा जमिनीवर उपडा केला. तांदूळ पसरला, फडकं पडलं. ह्यांनी गाठ सोडली. कितीतरी वेळ पाटल्या तळहातावर घेऊन बसले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"का?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, जिन्यातून खाली मान घालून जायचे तुम्ही. ते बघवत नव्हतं.

"मग आता वर मान करून जाऊ?"

मी म्हटलं, मी मखफरला जाते, सांगते. हे म्हणाले, वेडी आहेस. खोटी तक्रार माझ्या सहीची आहे. मला आत टाकतील. नोकरी जाईल, इथं राहायचा इकामा जाईल, दोघांना बोटीत बसवतील. हर्णैला काय तोंड दाखवशील? आणि तो काय सुटणार आहे? तो चोरच आहे!

सगळं खरं होतं. मी तांदूळ भरत बसले. खडे निवडल्यासारखा एकेक दाणा.

मग हे आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सुजले म्हणजे किती सुजलेत, तुला कल्पना नाय."

१४ ऑगस्ट

दोन दिवस हे जेवले नाहीत. मी केलेलं जात नसेल घशाखाली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

हे नमाजाहून आले आणि म्हणाले, "उद्या जाऊया. पाटल्या घे. जे होईल ते होईल."

मी ह्यांचे पाय धरले. सोडवून घेतले त्यांनी. पण रागानं नाही.

रात्रीच पाटल्या बाहेर काढून ठेवल्या. रहिमाला काही सांगितलं नाही. उद्या तिला कळेलच. ती पुन्हा किल्ली नेईल, पुन्हा गाद्या उचलेल. नेऊ दे. जशी शांत झोप कितीतरी दिवसांत आली नव्हती, तशी आज येईलसं वाटतं. लाज आहे ती आहेच, पण आता ती उद्या सगळ्यांच्या पुढे असेल, एकट्या माझ्या पोटात नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

गेलो. पाटल्या बुरख्याच्या आत, छातीशी. ऑफिसरनं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. आम्ही तोंड उघडायच्या आधीच म्हणाला — मुबारक! काल संध्याकाळी तुमची चोरीही कबूल केली त्यानं. सोनं समुद्रात टाकलं म्हणतो. सही झाली, केस संपली.

शिपायानं मुनव्वरला आणलं. भिंत धरून उभा राहिला. माझा बुरखा होता, तरी मला ओळखलंन्. आपल्या भाषेत बोलला, हळू, घाई केल्यासारखा —

"आपा, तू काय एक बोलू नको. मी लिवून दिलंय. दार बगितलं तवाच मला कळलं होतं. पाटल्या हितं घालू नको पण, कोण तरी बगंल. हर्णैला गेलीस की घाल."

ऑफिसरनं ह्यांना विचारलं, काय म्हणतोय?

हे अरबीत म्हणाले, "माफी मागतो आहे."

ऑफिसरनं माझ्याकडे बघितलं — करणार माफ?

मी मान हलवली. हो म्हणून.